पहिल्या कप्प्यातली बरणी

—न्हाई मॅडम, तो वरचा कप्पा राहू द्या, आपन खालून बघत येऊ. बसा, त्या स्टुलावर बसा, खुर्चीचा पाय हलतोय. प्राचार्यांची मीटिंग काय आता सुटत न्हाई, साडेतीन तरी वाजतील — मला सांगून गेलेत, बाहेरच्या कॉलेजातून मॅडम यायच्यात, त्यांना दगडांचं कपाट दाखवा, काय न्यायचं ते नेऊ द्या. बाकीच्याचं काय करायचं ते बोलले न्हाईत, मी बी इचारलं न्हाई. पुढच्या महिन्यात हितं कॉम्प्युटर बसनारेत. तीन वर्षं झाली, भूशास्त्राला एक पोरगं आलं न्हाई, मग खोली कशाला अडवून ठेवायची — बरोबरच हाय त्यांचं. आन् माझं तरी काय, ह्या एकतीसला मी रिटायर. मालनबाई म्हना, सगळे तेच म्हनतात. लॅब अटेंडंट. सव्वीस वर्षं झाडलं, पुसलं, दगड काढून दिले, दगड उचलून ठेवले. हात बघा की — रेषा पार काळ्या पडल्यात, साबनानं जात न्हाईत आन् राखेनं बी जात न्हाईत.

तर हे कपाट ठुबे सरांचं. रामहरी ठुबे. तुमी नाव ऐकलं नसंल, ते काय मोठ्या नावाचे न्हवते. दुसरीकडं दगड कसे लावतात — नावानं, न्हाईतर रंगानं, न्हाईतर कुठल्या गावाचा त्याच्यावरून. सरांनी तसं न्हाई लावलं. सर पोरांना सांगायचे, "रूपांतरित खडकाचं नाव पाठ करू नका. तो किती तापला आणि किती दाबला गेला, ते शोधा. तेवढं कळलं की त्याची जागा आपोआप ठरते." म्हनून हे असं लावलंय — वरच्या कप्प्यात थोडकी उष्णता, थोडका दाब, आन् जसजसं खाली याल तसतसं जास्त. ह्याला ते फेसीज म्हनायचे. मला आधी वाटलं साबनाचा फेस! एक दिवस इचारलं बी — सर, दगडाला कसला फेस? तेव्हा हसले. लई कमी हसायचे, त्या दिवशी हसले.

हा घ्या, सगळ्यात खालचा. दोन्ही हातांनी धरा, जड हाय. तामिळनाडूतून आनलाय. पार खोल, पंचवीस-तीस किलोमीटर आत शिजलेला, सातशे-आठशे अंश उष्णता खाल्लेला. त्याच्या वरच्या कप्प्यात हा काळा, सुयासुयांचा, उन्हात धरला की चमकतो — हा कर्नाटकचा. त्याच्या वरचा हा हिरवा, पापुद्रे निघतात बघा, नखानं बी निघतील, पन काढू नका. हा बारका निळा लडाखचा, सरांच्या मित्रानं दिलेला — हा येगळा हाय, ह्याला दाब लई बसला पन तापायला येळच मिळाला न्हाई, म्हनून बाजूच्या डबीत. आन् हा त्याच्या उलटा, दाब न्हाई, नुसता भाजलाय, चुलीला खेटून ठेवलेल्या मडक्यागत. आन् गंमत काय मॅडम — तुमाला म्हाईतीच असनार, मी काय सांगते तुमाला — हे सगळे मुळात एकाच पिठाचे. आपला काळा पाषान, तसलाच. बाजरीचं पीठ तव्यावर टाकलं की भाकरी, उकळत्या पान्यात सोडलं की उंडे. पीठ तेच. मी पोरांना असंच सांगायचे, सर बाहेर गेले की. प्रॅक्टिकलच्या परीक्षेला एखादी पोरगी रडकुंडीला आली की मी मागनं जाऊन फडकं मारल्यासारखं करायचे आन् बोटानं दाखवायचे, कितवा कप्पा. आता सांगायला काय, नोकरी संपली.

मी? सातवी. पारनेर तालुक्यातली मी, माळावरच्या गावची. सातवी शिकले पन अक्षर चांगलं हुतं माझं, गुरुजी फळ्यावर सुविचार मला लिवायला लावायचे. ह्या कपाटातल्या निम्म्या चिठ्ठ्या माझ्या हातच्या. हे 'ळ' बघा ना कसं काढलंय. तवा फार कौतुक हुतं मला माझ्या अक्षराचं.

अहो, तो नको — तो कप्पा नको म्हटलं ना मॅडम. त्याच्यात काय न्हाई. आपल्याच जिल्ह्यातले हायेत, विहिरीतले, झिओलाईटचे, तुमच्याकडं पन असनार ढीगभर. पहिला कप्पा म्हंजे आपलेच दगड — पार थोडकं तापलेले, एका लाव्ह्यावर दुसरा लाव्हा बसला, त्याच्यावर तिसरा, खालचा जरासा गरम झाला, पानी आत फिरलं आन् पोकळ्यांमधी हे काचेगत सुळके धरले. काय इशेष हाय त्यात. बरं, बघायचंच हाय तर बघा. उघडा. जरा वर उचलून ओढा, अडकतो तो.

सावकाश — ती बरनी सावकाश. पानी हाय तिच्यात. व्हय, पान्यातच ठेवलाय तो दगड. लोमोंटाईट हाय ना तो पांढरा, झिओलाईटातलाच एक, हवेत ठेवला तर वाळून त्याचं पीठ होतं, म्हनून पान्यात. दर सोमवारी मी पानी बदलते. लॉकडाऊनमधी कॉलेज बंद हुतं तरी पोलिसाला सांगून यायचे, म्हनायचे, पान्याचं काम हाय. त्यो म्हनायचा, कसलं पान्याचं काम? मी म्हनायचे, दगडाला पानी पाजायचं. येडी समजून सोडून द्यायचा.

काय वाचताय? चिठ्ठी? ...व्हय. 'माळाची विहीर, खोली तीस फूट.' ते माझं अक्षर. आन् खालती इंग्रजीत सरांचं, त्याच्या पुढं ते प्रश्नचिन्ह. हां, तुमाला बी तेच वाटलं ना? माळ एवढा उंच आन् तिथं लोमोंटाईट कसा? तो तर जास्त तापलेल्या जागी, खालच्या अंगाला सापडायला पायजे. सरांना बी अगदी असंच झालं हुतं. असंच तोंड झालं हुतं त्यांचं, आत्ता तुमचं झालंय तसं. — फोटू काढताय? मॅडम, फोटू नका काढू. पेपरात लिवनार तुमी? रिसर्च पेपरात? हे असं? माळाची विहीर म्हनून?

थांबा जरा. ठेवा तो मोबाईल. मी पंखा लावते.

कसं हुतं मॅडम — आमचे मालक, कानिफनाथ नाव, विहिरींवर सुरुंग लावायचं काम करायचे. दगडाला भोकं पाडायची, दारू भरायची, बत्ती द्यायची, मग उतरून मलबा काढायचा. सगळ्या तालुक्यात त्यांना बोलावनं. विहिरीत असली पोकळी लागली, आत चमकलं, की बाकीचे लोक फोडून टाकायचे न्हाईतर रस्त्यावर विकायला मांडायचे. हे मात्र गोनपाटात गुंडाळून घरी आनायचे. मला म्हनायचे, मालन, बघ, जमिनीच्या पोटात कोन घासून ठेवतं गं हे? त्यातनं सरांची ओळख झाली. सर तवा पीएचडी करत हुते — कुठल्या उंचीला, किती खोलीला कुठला झिओलाईट सापडतो, त्याच्यावरून ती जागा किती तापली हुती ते काढायचं, सगळ्या तालुक्याचा नकाशा करायचा. सर मोटरसायकलवर यायचे, आमच्या ओट्यावर बसायचे, च्या घ्यायचे. त्यांनी मालकांना सांगितलं, "कानिफनाथ, दगड कितीही साधा असू द्या, पण तो कुठल्या विहिरीतला आणि किती फुटांवरचा, हे मला पक्कं पाहिजे. त्याशिवाय तो माझ्या उपयोगाचा नाही." मालकांना लिवता येत न्हवतं. ते दगडावर गेरूनं रेघा मारून आनायचे — तीन रेघा म्हंजे तीस फूट, एक फुली म्हंजे माळाची, गोल म्हंजे ओढ्याची — आन् मी त्याच्यावरून चिठ्ठी लिवायचे. सर म्हनायचे, काय सुंदर अक्षर आहे हो तुमचं. मला लई बरं वाटायचं. खोटं कशाला बोलू. दिवसभर दुसऱ्याच्या रानात खुरपायचं आन् संध्याकाळी कॉलेजातला मानूस म्हनतोय, सुंदर अक्षर.

त्या साली दोन विहिरी एकदमच चालू हुत्या. एक वर माळावर, छगन म्हनून शेतकरी हुता त्याची. आन् दुसरी घाट उतरून खाली, ओढ्याच्या काठाला. दोन्हीच्या मधी सरांनी मोजला हुता, दोनशे चाळीस मीटरचा उतार. मालक एक दिवस हितं, एक दिवस तिथं. आन् परतीचा पाऊस सुरू झाल्यावर कामं थांबली तवा दोन्हीकडचे दगड गोन्यांत भरून एकदमच घरी आनले. चिखलात माखलेले. सर दुसऱ्या दिवशी यायचे हुते. मी म्हटलं, असले घान दगड सरांपुढं कसे ठेवायचे? मी ते हौदावर नेऊन धुतले. काथ्यानं घासून. चांगले लखलखीत केले, ओट्यावर ओळीनं वाळत घातले — आन् मग बघते तर, तीन-चार दगडांवरचा गेरू सगळा निघून गेलेला.

आता तुमीच सांगा, काय करायला पायजे हुतं? मालक यायची वाट बघायला पायजे हुती. त्यांना इचारायला पायजे हुतं. मी न्हाई इचारलं. मला वाटलं, मला आठवतंय. हा गोनीत वर हुता म्हंजे माळाचा, हा खाली हुता म्हंजे ओढ्याचा — असं म्हनत म्हनत मी चिठ्ठ्या लिवल्या. चांगल्या अक्षरात. डिंकानं चिकटवल्या. आन् विसरून बी गेले.

सर आले. दगड बघत बघत ह्याच्यापाशी आले आन् एकदम उभेच राह्यले. चिठ्ठी वाचली, परत दगड बघितला, परत चिठ्ठी. म्हनाले, "हा माळावरचा? नक्की? हे शक्य नाही — आणि शक्य असेल तर फार मोठी गोष्ट आहे." मग मला बरनी मागितली, पानी मागितलं, लोनच्याची बरनी धुऊन दिली मी — हीच ती. मालक घरात हुते. त्यांनी दगड हातात घेतला, उलटापालटा केला, म्हनाले, "सर, मला तर हा ओढ्याचा वाटतो." आन् मॅडम, मी दारातनं बोलले. कोन इचारत न्हवतं मला. मी म्हटलं, "न्हाई ओ, तुमाला आठवत न्हाई, मी लिवलंय ना, माळाचाच हाय तो." तर ते माझ्याकडं बघून हसले, म्हनाले, "हां मग, तिनं लिवलंय तर तसंच असंल. माझं काय, मी अडानी मानूस." असं म्हनाले. त्यांना लिवलेल्याचं लई हुतं. कागदावर हाय म्हंजे ते खरं.

सर म्हनाले, "एका दगडावर काही सांगता येणार नाही. त्याच जागेचा अजून एखादा तुकडा मिळाला तर बघा. घाई नाही. विहीर नीट वाळली, की मग उतरा." — हे ते बोलले मॅडम, मी ऐकलंय, 'घाई नाही' म्हनाले, 'वाळली की' म्हनाले. पन मालकांना घाई झाली. सरांचं तोंड बघितलं हुतं ना त्यांनी. दिवाळीच्या आधी चार दिवस, परतीचा पाऊस नुकता झालेला, यारी छगननं दुसऱ्या गावाला दिलेली — यारी म्हंजे ती बादली वर-खाली करायची क्रेन — तर हे नुसत्या दोरावर उतरले. छगन वर उभा. तीस फुटांवर गेले, पहारीनं कडेला ठोकायला लागले. वरनं छगन ओरडला बी, कानिफ, काय सापडतंय का रं? ह्यांनी खालनं सांगितलं, "काईच न्हाई हितं, नुसता काळा पाषान हाय." तेवढं बोलले आन् वरची भिजलेली कड सुटली. सगळी. छगननंच मला सांगितलं ते, मातीच्या दिवशी. तो रडत हुता, सांगत हुता, काईच न्हाई म्हनत हुता गं तो, काईच न्हाई म्हनत हुता. मला त्या येळेला त्याचा अर्थ बी लागला न्हाई. मोनिका सहा वर्षांची हुती, तिला कोनीतरी शेजारी नेलं हुतं.

पानी प्या ना मॅडम. त्या माठातलं घ्या, आत्ताच भरलंय.

सर आले दहाव्याला. लांब लिंबाखाली बसून राह्यले, चप्पल हातात घेऊन, कुनी सांगितलं तरी घालीनात. मग महिन्या-दोन महिन्यानं परत आले, म्हनाले, "मालनबाई, कॉलेजात जागा आहे, मी संस्थेशी बोललोय, या." मी आले. आधी रोजंदारीवर, मग कायम. नगरला खोली घेतली, मोनिकाला शाळेत घातलं. आता ती दवाखान्यात नर्स हाय, नेवाशाला दिलीय, चांगलं चाललंय तिचं. सरांनी काय केलं — पीएचडी सोडली. ते सगळे नकाशे गुंडाळून त्या माळ्यावर टाकले, हायेत अजून, झुरळांनी खाल्लेत. त्यानंतर कधी पोरांना विहिरीवर नेलं न्हाई. डोंगरावर न्यायचे, घाटात न्यायचे, पन विहीर दिसली की बस पुढं घ्यायला लावायचे. बाकीचे प्रोफेसर रीडर झाले, कोन प्राचार्य झाले, सर हाय तिथंच राह्यले. पोरं मागं म्हनायची, ठुबे सर एवढे हुशार आन् पीएचडी का न्हाई? मी फडकं मारत असायचे. मी ऐकायचे.

न्हाई, तवा मला म्हाईत न्हवतं. थांबा, सांगते ना. मला बी वाटायचं, सरांनी पाठवलं म्हनून गेले. मी सरांवर राग धरला हुता मॅडम. पाच वर्षं. त्यांच्या हातनं पगाराचं पाकीट घ्यायचे आन् मनात म्हनायचे, तुमच्या दगडापायी गेला माझा मानूस.

आन् मग काय झालं, तर मी शिकले. मला कुनी शिकवलं न्हाई, पन रोज तेच ऐकायचं, तेच बघायचं, चौथ्या-पाचव्या वर्षी मला दगड वळखू यायला लागले. हा कुठल्या थरातला, ह्याला माती कुठली लागलीय. एक सोमवार, मी ह्याच बरनीतलं पानी बदलत हुते. दगड हातावर घेतला, पाठ वर आली. आन् पाठीवरच्या भेगेत बघा — उचला, बघा तुमी, झाकन काढा — भेगेत लाल दिसतंय? बारीक, सुईनं भरल्यागत? मी घासलं हुतं ना काथ्यानं, तरी आतलं न्हाई निघालं. ती लाल माती. दोन लाव्ह्यांच्या मधी असतो तो लाल पट्टा, पोरांना सर दाखवायचे घाटात. आन् मला म्हाईत हुतं मॅडम, माळाच्या विहिरीत लाल पट्टा नव्हताच. वरपासनं खालपर्यंत काळा. लाल हुता तो ओढ्याच्या विहिरीत. मालकांनी त्याच विहिरीतनं मला टोपलीभर लाल माती आनून दिली हुती, चुलीला पोतेरं घालायला. म्हनाले हुते, घे, फुकटचा गेरू. मी चूल सारवलीय त्यानं. ह्या हातांनी.

बरनी हातात, दगड हातात, आन् मला छगनचं बोलनं ऐकू आलं. काईच न्हाई हितं.

नसनारच ना काई. तिथं कधी नव्हतंच.

सरांना कसं न्हाई दिसलं? त्यांनी तो दगड दोन दिवस बघितला फक्त, तो बी बरनीत. ओढ्याची विहीर तवर पान्यानं भरली हुती, ते काय आत उतरले न्हवते. आन् नंतर — नंतर त्यांनी त्या बरनीला हात लावला न्हाई. कपाट उघडायचे तरी ह्या कप्प्याकडं बघायचे न्हाईत. मलाच सांगायचे, "मालनबाई, तेवढं पाणी बदला." तेवढंच.

मी सांगायला पायजे हुतं. व्हय. तुमच्या तोंडावर दिसतंय ते. त्याच दिवशी सांगायला पायजे हुतं, सर शेजारच्याच खोलीत हुते, पेपर तपासत बसले हुते, दार उघडं हुतं. आधी मी म्हनायचे, नोकरी जाईल. मग म्हनायचे, मोनिकाचं शिक्षन होऊ दे. दहावी झाली, मग नर्सिंग झालं, मग लगीन. प्रत्येक येळेला काईतरी असायचंच. पन खरं सांगू का मॅडम, तुमी उद्या निघून जानार म्हनून सांगते — नोकरीचं न्हवतंच ते. सर मानूस असा हुता की कळल्यावर मला कधी काढलं नसतं. ते वेगळंच हुतं. मालकांच्या जान्याचं ओझं सर उचलत हुते ना, तर मला ते बरं वाटत हुतं. कुनीतरी दुसरं त्याचं धनी हुतं. ते सकाळी यायचे, खाली मान घालून, माझी नजर चुकवून, आन् मला वाटायचं, राहू दे. असंच राहू दे. वीस वर्षं मी त्यांना तसं बघितलं. रोज. त्यांचे केस माझ्यासमोर पांढरे झाले.

गेल्या मार्चात गेले सर. रिटायर होऊन वर्षच झालं हुतं. नगरातच ॲडमिट हुते, किडनीचं. मी ठरवून गेल्ते. पक्कं ठरवून. रिक्षात दहा येळा मनात म्हनून बघितलं — सर, चिठ्ठी माझी चुकली हुती. एवढंच बोलायचं. पाच शब्द. तिथं त्यांच्या मिसेस हुत्या, ज्योतीताई, त्या म्हनाल्या, या मालनबाई, रोज तुमची आठवन काढतात. मी खाटेजवळ बसले. सरांनी माझा हात धरला. सव्वीस वर्षांत कधी हात लागला न्हवता. आन् मी तोंड उघडायच्या आधी तेच बोलले. "मालनबाई, मला माफ करा. मी त्याला परत जायला सांगायला नको होतं." मी म्हटलं, "सर, तुमची चूक न्हवती." ते मान हलवायला लागले. मी परत म्हटलं, "सर, ऐका, खरंच सांगते, तुमची चूक न्हवतीच, ती —" तर त्यांच्या डोळ्यातनं पानी आलं, म्हनाले, "तुमचं मन फार मोठं आहे."

तिथं संपलं मॅडम. मन मोठं म्हटल्यावर पुढं काय बोलनार? ज्योतीताई पदर लावून रडत हुत्या, माझ्या पाठीवर हात फिरवत हुत्या. मी खरं तेच बोलले हुते, पन त्यांना ते औदार्य वाटलं. मी उठले, नमस्कार केला, बाहेर आले, रिक्षा पन केली न्हाई, चालत घरी गेले. तिसऱ्या दिवशी सर गेले. त्यांच्या तेराव्याला मला पहिल्या पंगतीत बसवलं. घरच्यांत.

आता कुनाला सांगनार, म्हनून मी गप हुते. एकतीसला रिटायर होनार, कपाट कुठंतरी जानार, बरनीतलं पानी आटनार, दगडाचं पीठ होनार, झालं. असं धरून चालले हुते. तुमी फोटू काढायला लागला न्हवता तवर.

तर मॅडम, तुमी हे पेपरात लिवनार. माळाच्या विहिरीत, एवढ्या उंचीला, लोमोंटाईट. मग तुमच्यासारखंच अजून कुनीतरी वाचनार. त्याला बी तसंच होनार, सरांना झालं तसं. मग तो तिथं येनार, दोर घेऊन. विहीर हाय अजून ती, बुजवली न्हाई छगननं, नुसता काटा लावलाय वरनं. न्हाई. ते न्हाई मी होऊ देनार. माझं काय म्हनायचं ते म्हना तुमी.

पेन हाय ना तुमच्याकडं? द्या — न्हाई, तुमीच लिवा. माझ्या अक्षरात नको. जुनी चिठ्ठी काढू नका, तिच्यावर आडवी रेघ मारा, वाचता आली पायजे, सर तसंच करायला लावायचे, चुकलेलं खोडायचं पन दिसू द्यायचं. हां. आता खाली लिवा — 'ओढ्याची विहीर.' खोली? खोली म्हाईत न्हाई. लाल पट्ट्याला लागून, एवढं लिवा. तेवढंच खरं हाय. सरांचं ते प्रश्नचिन्ह... त्याच्यावर पन रेघ मारा. त्याची गरज न्हाई आता.

झालं? वाळू द्या जरा.

काय? ज्योतीताईंना? — म्हाईत न्हाई मॅडम. ते मला इचारू नका आज. त्यांचं घर हितनं लांब न्हाई, सावेडीलाच हाय, जाता-येता दिसतं. बघते. बघते म्हनजे... म्हाईत न्हाई.

मीटिंग सुटली वाटतं, खुर्च्या सरकल्या वर. जावा तुमी, प्राचार्य परत कुठंतरी निघून जातील. सांगा त्यांना, कपाट बघितलं, सगळं घेऊन जाते. टेम्पो आनाल तवा सकाळी आना, मी अकरापर्यंत असते. बाकी काय बोलू नका. जावा, जिना चढताना तिसरी पायरी तुटलीय, बघून चढा. दार राहू द्या, मी लावते.